मानाची नावं

"हे पहिलं नाव काढ, कुमुद," सर म्हणाले.

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. माझ्या निबंधाची टाइप केलेली पानं त्यांच्यापुढे होती, पण वरची पानं त्यांनी उलटलीसुद्धा नव्हती. थेट शेवटचं पान काढून, त्यावर तांबडी पेन्सिल टेकवून ते बसले होते. पेन्सिलीच्या टोकाखाली नाव होतं, सुमेधा विजेकून, श्रीलंका.

"काढून काय घालू, सर?"

"आपली माणसं काय कमी आहेत? तोडणकर सांगेल तुला."

तोडणकर म्हणजे सरांचे स्टेनो. ते दारातच शॉर्टहँडची वही घेऊन उभे होते. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बाई, मांडव आपला, कार्य आपलं, आणि पत्रिकेत पहिलं नाव पाहुण्यांचं? असं कुठे असतं का हो?"

चाळीसेक वर्षं झाली या गोष्टीला. कोकण किनाऱ्यावरच्या एका खाडीलगत आमचं छोटं संशोधन केंद्र होतं. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातला तो चवदार जीव, दरवर्षी कमी होत चालल्या होत्या. त्यांची पिल्लं हौदात वाढवून खाडीत सोडायची, हे आमचं काम. मी तिथली सगळ्यात नवी शास्त्रज्ञ. डॉ. अनंत मिठबावकर आमचे संचालक आणि महिन्याभरात ते निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या गौरवासाठी आमच्या संस्थेच्या नियतकालिकाचा खास अंक निघणार होता आणि माझा निबंध त्या अंकासाठीच होता.

शास्त्राचा निबंध ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की त्याच्या शेवटी नावांची यादी असते. मी हे काम केलं ते या या लोकांच्या कामावर उभं राहून केलं, असं त्यात सांगायचं असतं. आमच्याकडे तिला संदर्भसूची कुणी म्हणत नसे. तिचं नाव होतं 'मानाची नावं'. निबंध खेकड्यावर असो की शेवाळावर, आपल्या देशातली ठरलेली नावं त्यात आलीच पाहिजेत असा सरांचा दंडक होता. सर्वांत वर सरांचा स्वतःचा एक जुना निबंध, त्याखाली त्यांचे पहिले शिष्य शिरगावकर, मग बाकीचे ज्येष्ठतेप्रमाणे. तोडणकरांना ती नावं तोंडपाठ होती. आपण न घालता निबंध दिला, तर टाइप होऊन परत येताना ती आपोआप आलेली असायची.

"सर," मी धीर करून म्हटलं, "बाकी सगळी नावं मी घालते. पण प्रयोग जमला तो यांच्यामुळे. आपल्या हौदात तिसऱ्या अंडी सोडायच्या, पण पिल्लं टिकायची नाहीत. यांनी लिहिलंय की गोड्या पाण्यात फक्त ओहोटीभर ठेवा आणि परत खाऱ्यात टाका. मी तसं केलं आणि..."

"काय म्हणालीस?"

"पिल्लं टिकली, सर."

"नाही, त्याच्या आधी. किती वेळ?"

"ओहोटीभर."

सरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. "हे माझं आहे," ते म्हणाले. "कुमुद, हे माझं आहे! मी तुझ्याहून लहान होतो तेव्हा लिहिलंय हे."

सरांचा तो जुना निबंध आम्ही प्रत्येकजण यादीत पहिला घालत होतो. त्यांची पद्धत केंद्रातल्या हौदाच्या भिंतीवर रंगाने लिहिलेली होती: तिसऱ्या रात्रभर गोड्या पाण्यात ठेवाव्यात (मिठबावकर). माझ्या आधीच्या सगळ्यांच्या निबंधांतही तसंच होतं. आणि आता मी ओहोटीभर, म्हणजे जेमतेम सहा तास, म्हटल्याबरोबर सर म्हणत होते, हे माझं.

"सर, पण आपल्याकडे तर रात्रभर..."

"मला शिकवू नकोस!" ते इतक्या जोरात म्हणाले की तोडणकर दारातून दोन पावलं मागे सरले. मग सर एकदम खालच्या आवाजात बोलू लागले. "तुला माहीत नाही. ते छापून आलं आणि सात-आठ वर्षांनी एका गोऱ्या माणसाने तेच केलं. त्याच्या देशातल्या पंचवीस जणांची नावं त्याने दिली. माझं नाही. मी पत्र लिहिलं, उत्तर नाही. आज ती पद्धत त्याच्या नावाने चालते. अमेरिकन अमेरिकनांची नावं देतो, जपानी जपान्यांची. आपण आपल्या देशाची नाही दिली तर कोण देणार? म्हणून हा दंडक. आणि आता ही बाई. माझंच उचललं आणि माझं नाव गाळलं असणार. पुन्हा तेच!"

"गाळलं असेलच असं नाही, सर. मी फक्त त्यांचा सारांश वाचलाय. पूर्ण निबंधासाठी त्यांना कार्ड टाकलंय."

"अंक छपाईला जातोय. कार्डाची वाट बघत बसू?"

त्या काळी दुसऱ्या देशातला निबंध वाचायचा तर लेखकाला कार्ड पाठवून त्याची प्रत मागावी लागे. ती आली तर आली. सरांचा तो जुना निबंध तरी मी लगेच काढून बघायला हवा, असं तुम्ही म्हणाल. पण ग्रंथालयातला तो खंड वाळवीने कधीच फस्त केला होता. एकच प्रत उरलेली होती, ती सरांच्या घरी. आणि सरांकडे ती मागणार कोण? मागायचं म्हणजे इतकी वर्षं आपण न वाचताच यादीत घालत होतो, हे कबूल करायचं.

बाहेर आल्यावर तोडणकर कुजबुजले, "बाई, जाऊ द्या ना. म्हातारा माणूस. जाता जाता एक गोष्ट स्वतःची म्हणतोय तर म्हणू द्या. त्या सिलोनच्या बाईंना कळणार थोडंच आहे?"

त्यांनाही वाटलं होतं, सर खोटं बोलतायत. मलाही तसंच वाटलं होतं.

विजेकून हे नाव गेलं. अंक छापून आला.

गौरवसमारंभाच्या दिवशी सकाळी मी आवारात रांगोळी घालणाऱ्या मुलींवर लक्ष ठेवत होते. तेवढ्यात फाटकाशी एक रिक्षा थांबली. सावळ्या, ठेंगण्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई उतरल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला.

"कुमुद पेठे कुठे भेटतील?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मीच."

"मी सुमेधा विजेकून. तुमचं कार्ड मिळालं. कोचीनला सभेसाठी यायचंच होतं, म्हटलं प्रत पोस्टाने कशाला, हाताने देऊ." त्या हसल्या. "खरं सांगू? प्रतीचं निमित्त. मला डॉक्टर मिठबावकरांना बघायचं होतं."

मी त्यांना माझ्या खोलीत नेलं, चहा मागवला. टेबलावर खास अंकाचा गठ्ठा होता. तो झाकावा असं मनात आलं, पण त्यांनी वरची प्रत उचललीही होती.

त्या माझा निबंध पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. बोट ठेवून, सावकाश. मध्येच मान हलवायच्या, मध्येच एखाद्या आकड्याशी थांबायच्या. आमच्याकडे निबंध असा वाचताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. चहा आला, साय धरली. शेवटचं पान आलं तशी मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"चांगलं काम आहे," अंक मिटून त्या म्हणाल्या. "पिल्लं इतकी टिकली? माझ्याकडे इतकी नाही टिकत."

"बाई, तुमचं नाव..."

"हो. पाहिलं मी." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आमच्याकडेही असंच आहे. आमचे वरिष्ठ म्हणतात, भारतीयांची नावं कशाला देतेस, आपल्या देशातल्यांची दे. मी म्हणते, साहेब, आपल्याकडे शिंपल्यांवर काम करणारे आपण मोजके. एकमेकांची नावं देऊन देऊन किती देणार? लग्नाला घरचीच माणसं, तर मग अक्षता टाकायला येणार कोण?"

असंच काहीसं त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मलाही हसू आलं आणि तेच मला फार लागलं.

"तुम्ही मिठबावकर सरांचं नाव दिलंय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "दिलंय म्हणजे? पहिलं वाक्यच त्यांच्यावर आहे. ओहोटीभर गोडं पाणी, ही कल्पना त्यांचीच. कोलंबोच्या जुन्या ग्रंथालयात मला तो निबंध मिळाला. किती सुंदर लिहिलंय त्यांनी! खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाहिलेलं. मी तो विद्यार्थ्यांना वाचून दाखवते. तुम्ही वाचलाच असेल."

मी उठून चहाचे कप गोळा करू लागले.

आता मी निवृत्त आहे. शनिवारी गावच्या शाळेतली मुलं किनाऱ्यावर घेऊन जाते, तेव्हा सरांनी काय पाहिलं होतं ते त्यांना सांगते. मुसळधार पावसात ओहोटी लागली की नदीचं पाणी खाडीत घुसतं आणि खाडीचं पाणी गोडं होतं. वाळूतली तिसरी घाबरते, तोंड घट्ट मिटून घेते. मग भरती येते. खारं पाणी परत आलं की तिला वाटतं, सुटले बाई! आणि ती तोंड उघडून अंडी सोडते. पण गोडं पाणी ओहोटीपेक्षा जास्त वेळ राहिलं तर ती सोसून सोसून थकते. मग अंडी सोडली तरी त्यांत जीव नसतो. एखादा मुलगा लगेच विचारतो, "बाई, मग तिला वेळ कसा कळतो?" इतका साधा प्रश्न. आमच्या केंद्रात तो इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता.

त्या सकाळी समारंभाला अजून अवकाश होता. सर हौदापाशी आहेत असं कळलं, म्हणून मी बाईंना तिकडे घेऊन गेले. सर नव्या कोऱ्या सफारीत होते. त्यांच्याबरोबर दिल्लीहून आलेले प्रमुख पाहुणे होते, सरांचे पहिले शिष्य शिरगावकर. देह सुटलेला, आवाज मोठा, आणि सरांवर खरोखरच माया असलेला माणूस.

"सर, या डॉ. विजेकून," मी म्हटलं.

सरांचा चेहरा दगडासारखा झाला. पण बाईंनी दोन्ही हात जोडले, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि पिशवीतून आपला निबंध काढून दोन्ही हातांनी पुढे धरला. सरांनी सवयीने शेवटचं पान काढलं.

"नाही, सर," बाई म्हणाल्या. "पहिलं पान."

सरांनी पहिलं पान वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले. काच स्वच्छच होती.

"तुम्ही वाचलात माझा निबंध?" ते म्हणाले. "पूर्ण?"

"पुष्कळ वेळा. म्हणून तर एक विचारायचं होतं, सर. तुमच्या शिष्यांचे निबंधही मी वाचले. ते तुमचं नाव घेऊन रात्रभर म्हणतात. तुमच्या मूळ निबंधात ओहोटीभर आहे. तुम्ही ते का बदललंत? मला वाटलं, तुम्हाला काही नवं सापडलं असणार आणि ते मला कळलेलं नाही. ते विचारायलाच मी एवढ्या लांब आले."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. रंगवलेली ती ओळ ते रोज बघत असणार. "रात्रभर," ते पुटपुटले. "शिरगावकर, हे काय आहे?"

शिरगावकर मोकळेपणी हसले. "अहो सर, ते होय! माझ्या प्रबंधाच्या वेळचं. ओहोटी कधी रात्री अकराला संपायची, कधी पहाटे. तेव्हा कोण थांबणार? ऑफिस सुटताना पाचला तिसऱ्या गोड्या पाण्यात टाकायच्या आणि सकाळी दहाला मस्टरवर सही करून काढायच्या. थोडीफार अंडी मिळायचीच की. मी तसं लिहिलं, पुढच्यांनी माझं पाहून लिहिलं." मग ते सरांच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "पण तुमचं नाव कधी चुकवलं नाही हं, सर! एकानेही नाही!"

सर हौदाच्या कठड्यावर बसले. नव्या सफारीला शेवाळ लागलं.

"मी दिल्लीत होतो, मग इथे खुर्चीत आलो," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "तुमचे सगळे निबंध माझ्या सहीने गेले. मी शेवटचंच पान बघत आलो. आपलं नाव आहे ना, एवढंच. हौदात पिल्लं मरायची तेव्हा मला वाटायचं, माझंच पूर्वी काहीतरी चुकलं असणार." मग ते बाईंकडे वळले. "बाई, तुमचं नाव या निबंधात होतं. मी काढायला लावलं."

"कळलं मला ते, सर."

"आता मी काय करू?"

बाईंनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, "आमचं उबवणी केंद्र चालू ठेवायचं की नाही, ते या वर्षअखेर ठरणार आहे. वरचे लोक विचारतात, या कामाला देशाबाहेर कुणी विचारलंय का? छापील दाखवा. कुमुदचं कार्ड आलं तेव्हा मला वाटलं होतं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पण पिल्लं टिकली, सर. तुमची गोष्ट खरी होती. हे सांगायला मिळालं मला."

समारंभाची घंटा झाली.

शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. शिरगावकरांनी सरांना ऋषितुल्य म्हटलं. बाईंना मी पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसवलं होतं. सर उत्तराला उठले. लिहून आणलेला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"माझं नाव गाळलं गेलं म्हणून मी आयुष्यभर कुढलो," ते म्हणाले. "त्या रागात मी तुम्हाला आपल्यातल्या आपल्यात नावं द्यायला शिकवलं. वाचायला शिकवलं नाही. माझा निबंध वाचणारं एक माणूस जगात होतं, ते शेजारच्या देशात होतं. त्यांचं नाव मी या हाताने खोडलं. त्या इथे बसल्या आहेत. मी त्यांचा अपराधी आहे."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. "केवढा मोठेपणा!" माझ्या मागची बाई म्हणाली. "पाहुण्यांना किती मान दिला बघा." तोडणकरांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. सर हात वर करून काही सांगू पाहत होते, ते टाळ्यांत बुडून गेलं. शिरगावकरांनी उठून त्यांना मिठी मारली.

"काय म्हणाले ते?" विजेकूनबाईंनी मला विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला. त्या मान खाली घालून बसून राहिल्या. त्यांनी टाळी वाजवली नाही.

सरांनी त्याच रात्री बाईंचं नाव घालणारी दुरुस्ती लिहून काढली. पण आमचा अंक वर्षाकाठी निघायचा, त्यामुळे ती पुढच्या अंकात छापली गेली. मधल्या काळात त्यांनी कोलंबोच्या मंत्रालयाला तीन पत्रं पाठवली. पोच आली एकाचीच. उबवणी केंद्र बंद झालं. बाई एका मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागल्या. नाताळात त्यांचं शुभेच्छापत्र यायचं, पुढे तेही थांबलं. सर त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत.

मी केंद्रात होते तोवर हौदाचं वेळापत्रक ओहोटीप्रमाणे चालवलं. भिंतीवरची ओळही मी पुसून घेतली. पुढचं माझ्या हातात नव्हतं.

गेल्या वर्षी केंद्रातल्या एका तरुण शास्त्रज्ञाचा, अद्वैत नेरूरकरचा, फोन आला. गोड मुलगा आहे. आपला निबंध त्याने मला पाठवला होता. मी पहिल्या पानापासून वाचला. तिसऱ्या रात्रभर गोड्या पाण्यात ठेवल्या, असं त्यात होतं. पुढे कंसात मिठबावकर आणि विजेकून.

"अद्वैत, विजेकूनबाईंचा निबंध वाचलास तू?"

"नाही मॅडम, मिळत नाही तो कुठे. पण आपल्याकडे ते नाव घालायचंच असतं. सरांच्या शेवटच्या भाषणापासून प्रथाच आहे."

"माझ्याकडे आहे. त्यांनी हाताने दिलेला. पाठवू?"

"पाठवा ना, सवडीने. आत्ता निबंध छपाईला गेलाय." मग तो उत्साहाने म्हणाला, "मॅडम, शेवटचं पान पाहिलंत की नाही? तुमचंही नाव घातलंय!"

मी त्याला म्हटलं, "पाहिलं हो, बाळा."